‘आमी’च्या पुढे

नमिता भोईरला कोणी ‘फाईल पहिल्यापासून वाचून काढ’ असं सांगितलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. पहिल्यापासून वाचायला काय लागतं, डोळे असले की झालं! रबाळ्याच्या एमआयडीसीत, बंदरावरच्या कंटेनरच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका कंपनीत ती कॉलेज सुटल्यापासून चिकटली होती. तिथल्या फाईली अशा अजस्र की पहिल्या ओळीपासून निघालेला माणूस मधल्या ओळीला पोचेपर्यंत रिटायर व्हावा. नमिता पायथन या संगणकाच्या भाषेत चार-सहा ओळींची स्क्रिप्ट लिहायची आणि थेट हव्या त्या जागी जाऊन उभी राहायची. कँटीनमध्ये तिला ‘सीकवाली मॅडम’ म्हणत, आणि ते तिला मनातून आवडायचं.

सीक म्हणजे काय ते ती नव्या पोरांना झकास समजावून सांगे. उघड्या फाईलमध्ये एक न दिसणारं बोट असतं. वाचाल तसं ते पुढे सरकतं. ‘टेल’ म्हटलं की ते आत्ता कुठे टेकलंय ते कळतं, ‘सीक’ म्हटलं की ते उचलून दुसरीकडे ठेवता येतं. लिहायला लागलात तर ते जिथे टेकलंय तिथून लिहितं, आणि खाली आधी काय होतं याची विचारपूस करत नाही. कंटेनरच्या नोंदीत त्याने काही बिघडायचं नाही. तिथे प्रत्येक रकान्याची जागा ठरलेली असते आणि नवं वजन जुन्या वजनाच्या जागेत बरोबर मावतं.

तिच्या आईला मात्र मधूनच सुरू करणं आयुष्यात जमलं नाही. पुतळाबाई म्हणजे करावे गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवोत न येवोत, धवलारणीवाचून पान हलत नसे. उंबराची फांदी आणण्यापासून पोर सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, म्हणजे धवला, आणि ते सगळे धवले पुतळाबाईंच्या तोंडात. कागदावर एक अक्षर नव्हतं. त्यांना स्वतःची सही यायची, तीसुद्धा खाडीकाठची शेतं सरकारने घेतली तेव्हा बँकेच्या हट्टापायी शिकलेली. गाताना मध्येच कोणी टोकलं, कुकरची शिट्टी झाली, तर त्या थेट पहिल्या शब्दावर परत जायच्या.

“अगं, जिथे थांबलीस तिथून म्हण ना,” नमिता वैतागायची.

“मधनं कशी उचलू गो? पयल्यापासून आयलं तरच वाट गावते,” पुतळाबाई म्हणायच्या.

दुसरं म्हणजे, मांडव नसेल तर त्या धवला गायच्याच नाहीत. हा त्यांचा स्वतःचा कायदा होता आणि त्याच्यावर अपील नव्हतं. कारण नसताना गायलं तर घरात उगाच कोणाचं तरी लग्न मोडतं, असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यामुळे त्यांचा आवाज कोणी नीट टिपलेला नव्हता. लग्नांचे व्हिडिओ घरात होते, पण त्यांत पुतळाबाईंचं तोंड हलतंय आणि वर एडिटिंगवाल्याने हौसेने सिनेमाचं गाणं चिकटवलंय. त्या माणसाला कुठे शोधायचं आणि काय बोलायचं!

म्हणून नमिताने धवले टाइप करून घ्यायचं मनावर घेतलं. नुसते सांगायला पुतळाबाईंची हरकत नव्हती. रविवारी ती सीवूड्सच्या फ्लॅटवरून माहेरी यायची, ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घ्यायची, आणि आई चाल न लावता, भांडी घासणाऱ्या बाईला कामं सांगावीत तशा कोरड्या आवाजात ओळी सांगायची. दोन पावसाळे हे चाललं. एकच साधी फाईल, आणि त्यात खालीखाली भर. त्या लॅपटॉपवरून बाहेर काही पाठवायला कंपनीची मनाई, म्हणून फाईल तिथेच राहिली. दुसरी प्रत कधीतरी करू, असं तिने इतक्यांदा ठरवलं की ती केल्यासारखीच वाटू लागली. ऑफिसात हीच बाई पोरांना ‘बॅकअप कुठाय?’ विचारून घाबरवायची.

तिने सगळं कानावर पडलं तसं उतरवलं. ‘हाय’, ‘पानी’, ‘आमी’. उतरवताना बोट अडखळायचं. शाळेत असताना एकदा तिने वर्गात निबंध वाचला होता, ‘आमच्या गावात खाडी हाय, खाडीत पानी हाय’, आणि अख्खा वर्ग खिदळला होता. बाईंनी तिला उभं करून ‘बाणातला ण’ म्हणून घेतला. त्या दिवसापासून नमिता घरीही ‘आहे’ म्हणायला लागली. आई शेजारणीला सांगायची, “आमची नमी टीवीवानी बोलते.” ते कौतुकाने म्हणायची की दुखावून, हे नमिताने कधी विचारलं नाही.

शेवटचा धवला उतरवून झाला त्यानंतरच्या दिवाळीत पुतळाबाईंना झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट, नाव विचारलं तर “ते... ते...”. ज्या बाईच्या तोंडी अख्ख्या गावाची लग्नं होती तिला स्वतःच्या पोरीचं नाव घेता येईना. नमिताला ते बघवायचं नाही. ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची.

वाशीच्या डॉक्टरांनी एक आशा दिली. म्हणाले, बोलणं आणि गाणं डोक्यात एका ठिकाणी नसतं, पाठ असलेलं गाणं कधीकधी शाबूत राहतं. सुरुवातीचा शब्द द्या, अडतील तिथे पुढचा शब्द द्या, बघा काय होतं. नमिताने घरी येऊन पहिल्या धवल्याचा पहिला शब्द आईच्या कानात सांगितला. पुतळाबाईंचे डोळे चमकले, ओठ हलले, आणि लगेच त्यांनी नमिताच्या तोंडावर हात ठेवला. मांडव नव्हता ना! बोलणं गेलं तरी कायदा जागेवर होता. नमिता त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पोट भरून जेवली.

मांडवही लवकरच उभा राहणार होता. नमिताचा भाऊ रूपेश, त्याची मुलगी प्रिया, तिचं लग्न जुईनगरच्या पार्थशी ठरलेलं. पार्थचे वडील धनाजीराव मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी म्हणून आलेले आणि आता इथलेच झालेले. प्रियाने सांगून टाकलं, “आज्जी गाणार. नायतर मला हळदच नको.” मग ठरलं की नमिताने आईच्या शेजारी बसायचं, धवले फोनवर घ्यायचे, आणि आई अडली की पुढचा शब्द द्यायचा. पुतळाबाईंचं गाणं पुन्हा ऐकायला मिळणार की नाही, ते आता त्या एका फाईलवर होतं. व्हिडिओवाल्याला नमिताने स्वतः दम भरला होता की आवाजाला हात लावशील तर बघ.

असं सगळं जुळून आलेलं असताना रूपेशचा फोन आला.

“नमे, आयचे धवले छापून घेव. पत्रिकेबरोबर वाटू. मस्त वाटंल. पन जरा शुद्ध कर गो. ‘हाय’ नी ‘पानी’ नको. पाव्हने हसतीन.”

रूपेशला दोष देणं सोपं आहे. खरं तर नमिताच्याच मनातलं तो बोलला होता. छापलेल्या पुस्तिकेवर आईचं नाव, आणि आत ‘हाय’? धनाजीरावांची माणसं पान उलटतील आणि गालात हसतील, हे चित्र तिला स्पष्ट दिसलं. वर्गातलं ते खिदळणं तिच्या कानात तसंच राहिलं होतं. कंपनीकडून ही एक फाईल बाहेर काढायची परवानगीही तिने त्याच दिवशी मिळवली. “छापखान्यात आजच पाठवायचंय,” रूपेशने दोनदा बजावलं, आणि ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून कामाला बसली.

धवले पानंच्या पानं होते. हाताने एकेक शब्द बदलत कोण बसतो? तिने शब्दांच्या जोड्या केल्या, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. मग स्क्रिप्ट लिहिली. फाईल उघड, घरचा शब्द कुठे आहे ते शोध, बोट तिथे ने, आणि वर पुस्तकातला शब्द लिही. संगणकाच्या पोटात मराठीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी सारखीच जागा घेते. ‘हाय’ला जेवढी जागा लागते तेवढीच ‘आहे’ला. ‘पानी’ला जेवढी तेवढीच ‘पाणी’ला. काय मजा बघा, नमिताला वाटलं, हे शब्द जणू एकमेकांच्या जागेवर बसायलाच जन्मले होते. पहिल्या दोन-तीन धवल्यांवर तिने स्क्रिप्ट चालवून पाहिली. ते देवाला आणि उंबराला बोलावण्याचे, त्यांत ‘आमी’ कुठेच नव्हतं. सगळं बिनबोभाट बदललं.

‘आमी’ पुढच्या धवल्यांत होतं, आणि ‘आमी’चं ‘आम्ही’ करायला पाय मोडायच्या खुणेची एक आणि ‘ह’ची एक, अशी दोन अक्षरांची जागा जास्त लागते. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. उलट तिने त्याचा हिशोब केला. एक शब्द लांबला की पुढचं सगळं तेवढं सरकणार, म्हणून पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचं ठिकाण तिने तेवढं पुढे धरलं. पंगतीत उशिरा आलेल्या बाईला बसायला बाकीच्या सरकून जागा देतात, तसं. पण उघड्या फाईलमध्ये कोणी कोणासाठी सरकत नाही. नवी बाई सरळ शेजारणीच्या ताटावर बसते. कंटेनरच्या नोंदीत प्रत्येकाचा पाट ठरलेला, त्यामुळे इतक्या वर्षांत नमितावर हा प्रसंगच आला नव्हता.

पहिल्या ‘आम्ही’ने पुढच्या शब्दाचं तोंड खाल्लं. त्यानंतरची दुरुस्ती चुकीच्या जागी पडली आणि तिने एक धडधाकट शब्द मारला. दुसऱ्या ‘आम्ही’ने आणखी एक खाल्ला, आणि त्यापुढच्या दुरुस्त्या आणखी लांब जाऊन पडल्या. स्क्रिप्टला यात काही गैर दिसलं नाही, तिने एकही चूक दाखवली नाही. नमिताने फाईलचा आकार तेवढा पाहिला. जवळपास होता तेवढाच, किंचित वाढलेला. शब्द लांबले की फाईल वाढणारच, असं म्हणून तिने वरचं पान नजरेखालून घातलं, फाईल जोतीरामच्या छापखान्याला पाठवली आणि डबा उघडला. भाजी गार झाली होती.

दुसऱ्या दिवशी जोतीरामचा फोन आला.

“ताई, तुमची फाईल उघडली. म्होरल्या पानांवर नुसतं डबं डबं दिसत्यात. अक्षरं फुटल्यात. दुसरी पाठवा की.”

दुसरी कुठून पाठवणार? नमिताने लॅपटॉपवर फाईल उघडली आणि ती खालीखाली सरकवत गेली. सुरुवातीचे धवले ठीक होते, स्वच्छ आणि शुद्ध. पुढे ‘आम्ही’ दिसायचं, त्याच्यामागे रिकामे चौकोन, मध्येच कुठेतरी एकटं ‘आहे’, मग पुन्हा चौकोन. जसजसं खाली जावं तसतसं वाईट होत गेलेलं. प्रियाच्या पाठवणीचा धवला तर वेड्याने बोटं आपटल्यासारखा दिसत होता.

शेजारच्या टेबलावरच्या धम्मपालला तिने बोलावलं. तो हुशार मुलगा. बराच वेळ खाली-वर बघून त्याने खुर्ची मागे घेतली.

“कॉपी नाय?”

“नाही.”

“मग कठीण हाय मॅडम. डिलीट केलं असतं तर कदाचित काडता आलं असतं. तुमी तर वरून लिवलंय.” मग तो म्हणाला, “टेन्शन नका घेऊ, अंदाजाने भरा काही ठिकाणी.”

अंदाजाने तिने थोडंफार भरलंही. ‘▯बर’च्या जागी ‘उंबर’ असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण जिथे शब्दच्या शब्द गेले होते तिथे काय भरायचं? ती गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेली. त्या आईबरोबर मांडवात बसायच्या, त्यांना येत असेल. एकजण म्हणाली, “पुतलाबाय म्हनायची, आमी निसता मागून सूर ओढायचो. सबूद तिचे.” दुसरीनेही तेच सांगितलं. नमिताने आईला समोर बसवून पाठवणीच्या धवल्याचा पहिला शब्द सांगून पाहिला. पुतळाबाईंनी मान हलवली आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हा आता एकच आशा उरली. मांडवात आई गायला लागली की ती कदाचित अडणारच नाही. वाहत्या ओघात ते शब्द तिच्याच तोंडून येतील, आणि मग धवलाही वाचेल आणि नमिताही. तिने हे घरात कोणालाच सांगितलं नाही. रूपेशला म्हणाली, पुस्तिका राहू दे, वेळ कमी आहे.

मांडव उभा राहिला. हळदीच्या दिवशी पुतळाबाईंना नऊवारी नेसवून पाटाजवळ बसवलं. नमिता त्यांना चिकटून बसली, हातात फोन. प्रिया पाटावर, भोवती बायका, मागे जुईनगरहून आलेली पाहुणेमंडळी. नमिताने आईच्या कानाशी वाकून पहिली ओळ वाचली, “उंबरा रे उंबरा, तुझ्या पाण्याला गोडी आहे.”

पुतळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाने रस्ता विचारावा आणि आपल्याला त्याची भाषा कळू नये, तसं. नमिताने पुन्हा वाचलं. काही नाही. मग तिने फोन खाली केला, घसा खाकरला आणि म्हणाली, “उंबरा रे उंबरा, तुज्या पान्याला गोडी हाय.” इतक्या माणसांत इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून निघाला आणि कोणीही हसलं नाही.

पुतळाबाई गायला लागल्या.

आवाज थोडा फाटका, पण चाल तीच. बायकांनी मागून सूर ओढला. रूपेश खांबाला टेकून उभा होता, त्याने डोळे पुसले. धनाजीरावांच्या घरच्या बायका पुढे सरकून ऐकू लागल्या. एक धवला झाला, दुसरा झाला. कुठे अडलं की नमिता हळूच शब्द द्यायची आणि आई पुढे जायची. तिला वाटलं, सुटले.

मग प्रियाच्या पाठवणीचा धवला आला; आईला पुन्हा पुन्हा बसवायला नको म्हणून तोही हळदीतच घ्यायचं ठरलं होतं.

“लाडाची ल्येक दिली परघरा, आमी...” आणि पुतळाबाई थांबल्या.

त्यांनी नमिताकडे पाहिलं. नमिताने फोनकडे पाहिलं. ‘आम्ही’ आणि पुढे चौकोन. आमी काय? लेक दिली परघरा, आमी काय केलं? रडलो? की काळजाचा तुकडा तोडला? की परत ये म्हणालो? हा धवला तिने आपल्या हाताने उतरवला होता, त्या रविवारी पाऊस होता, आई कांदे निवडत सांगत होती, हे सगळं तिला आठवत होतं. शब्द आठवत नव्हता. लिहून ठेवलंय म्हटल्यावर तो लक्षात ठेवायची तिला गरजच पडली नव्हती.

पुतळाबाई पहिल्या शब्दावर परत गेल्या. “लाडाची ल्येक दिली परघरा, आमी...” पुन्हा तिथेच. बायका सूर ओढायला तोंड उघडून थांबल्या होत्या.

“आमी रडलू,” नमिता कशीबशी म्हणाली.

पुतळाबाईंनी मान हलवली. ते नव्हतं. त्या पुन्हा मागे गेल्या आणि पुन्हा त्याच ठिकाणी येऊन उभ्या राहिल्या. प्रियाच्या अंगावरची हळद वाळत आली होती. कोणीतरी खोकलं, मागे कोणाचा तरी फोन वाजला. रूपेशने बराच वेळ वाट पाहिली, मग खाली बघत बेंजोवाल्यांना हात केला. वाजंत्री सुरू झाली, पोरं नाचायला उठली, आणि व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन तिकडे धावला.

त्या गोंगाटात पुतळाबाई नमिताकडेच बघत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, पोरीची काळजी होती. त्यांनी नमिताचा हात आपल्या हातात घेतला, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एक अख्खं वाक्य निघालं.

“तूपन इसरलीस गो?”

नमिताने ‘हो’ म्हणून मान डोलावली. आईला खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.